खालच्या कप्प्यातली फाईल

सरकारी दवाखान्याच्या सिकलसेलच्या खोलीत माझी एकवीस वर्षं गेली. आधी मुलचेऱ्याकडे नर्स होते, मग बदली होऊन जिल्ह्याच्या गावी आले आणि इथलीच झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतलं कोणतं गाव ते सांगत नाही, नावंही कुणाचीच लिहिणार नाही. माझं स्वतःचं तर मुळीच नाही, कारण या गोष्टीत माझी शोभा फार झालेली आहे.

आमच्या भागात हा आजार घरोघरी आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि मग हाडांत अशी कळ उठते की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. बाहेरून काही दिसत नाही. जखम नाही, सूज नाही, कधी तर तापही नाही. रोजची कॅप्सूल वेळेवर घेतली, भरपूर पाणी प्यायलं आणि महिन्याला रक्त तपासलं, तर माणूस शेती करतो, लग्न करतो, म्हातारा होतो. औषध तुटलं की कळा वाढतात, आणि कळांवर कळा आल्या की हाडं जातात, कधी माणूसच जातो. म्हणून मी तारखेच्या बाबतीत कजाग होते. कुरखेड्यापासून अहेरीपर्यंतचे पेशंट मला 'मंगळवारवाली बाई' म्हणायचे. मंगळवार म्हणजे मंगळवार. बुधवारी आलेल्याला मी दारातच उभं करून सोलून काढायची.

खोलीत एक लोखंडी कपाट होतं. वरच्या तीन कप्प्यांत नियमित पेशंटच्या फायली, तालुक्याप्रमाणे लावलेल्या. सगळ्यात खालचा कप्पा खाडे करणाऱ्यांचा. तीन तारखा चुकल्या की फाईल खाली. एकदा खाली गेली की पुन्हा पहिल्यापासून: समुपदेशन, सगळ्या तपासण्या, रांग, आणि माझं भाषण. हा नियम कोणत्याही सरकारी कागदात नाही, तो माझ्या डोक्यातून निघालेला. धानाची रोवणी आली, लग्न निघालं, मोहफुलं पडायला लागली, की आमचे लोक दवाखाना विसरतात, आणि त्यांना धाक हवा असं माझं मत होतं. धाक लागलाही. नागपूरहून पाहायला आलेल्या साहेबांनी माझ्या कपाटाचं कौतुक केलं तेव्हा मी आठ दिवस जमिनीवर चालत नव्हते.

त्या माणसाला मी तो सात वर्षांचा असल्यापासून ओळखत होते. कुरखेड्याच्या पलीकडच्या गावाहून त्याची माय त्याला खांद्यावर टाकून दोन एसट्या बदलून आणायची. पुढे तो एकटा यायला लागला. वीस वर्षांत त्याचा एकच खाडा झाला, तोही नाल्याला पूर आला म्हणून. दुसऱ्या दिवशी बुधवारी तो चिखलानं भरलेल्या पायांनी दारात उभा राहिला आणि आत यायला तयार होईना.

"खाडा झाला बाई माहा," तो म्हणाला. "फाईल खाली नका टाकू जी."

"एका खाड्यानं नाई जात खाली," मी म्हणाले. "तीन झाले तं जाते. ध्यानात ठेव."

ते त्यानं ध्यानात ठेवलं. नव्या पेशंटना तोच माझा नियम समजावून सांगायचा, आणि मी खुर्चीत बसून कौतुकानं ऐकायची.

सत्तावीस वर्षांचा असताना तो तुरुंगात गेला. तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडके मोजण्यावरून भांडण झालं, काठ्या निघाल्या, एकाचं डोकं फुटलं. चौघांना धरून नेलं, त्यात हा. त्यानं काठी मारली की नाही मला ठाऊक नाही. ते ठरवायला कोर्ट आहे. मला ते कळलं त्याच्या मायकडून. ती म्हणाली, "बाई, त्याच्या कॅप्सुला घरीच राहून गेल्या. अंगावरच्या कपड्यानं नेलं."

मी तिला धीर दिला. तुरुंगात डॉक्टर असतो, तो चिठ्ठी देईल, पोलीस त्याला मंगळवारी आमच्याकडे आणतील. माझी काही थाप नव्हती, पद्धत तशीच आहे. तुरुंगाच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिलीही. आदल्या दिवशी कागद आला की बंदी रुग्णाला उद्या तपासणीसाठी आणत आहोत. मी त्याची फाईल काढून टेबलावर ठेवली. एक वाजेपर्यंत वाट पाहिली. मग तुरुंगातून फोन आला.

"मॅडम, आज गार्ड भेटून नाई राह्यले. बंदोबस्तात गेले सारे."

"मंग?"

"मंग काय? पुढच्या तारखेले पाठवतो."

तुरुंगातल्या माणसाला बाहेर आणायचं तर सोबत पोलीस लागतात, त्यांना सगळे गार्ड म्हणतात. हे पोलीस तुरुंगाचे नसतात, पोलीस मुख्यालयातून मागवावे लागतात. मिळाले तर मिळाले. मी चरफडले, पुढची तारीख दिली आणि रजिस्टर उघडलं. माझ्या रजिस्टरात दोनच रकाने होते, हजर आणि गैरहजर. मी लाल पेनानं दुसऱ्या रकान्यात खूण केली. हात जराही थांबला नाही.

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी गार्ड होते, गाडी नव्हती. तिसऱ्या मंगळवारी गाडी आणि गार्ड दोन्ही होते, पण त्याच दिवशी त्याची कोर्टात तारीख पडली आणि ते त्याला तिकडे घेऊन गेले. अडीच महिन्यांत तीन लाल खुणा झाल्या. मधल्या काळात तुरुंगातला कंपाउंडर मोटारसायकलवर येऊन गेला. त्याच्याकडे तिथल्या डॉक्टरचं पत्र होतं, महिनाभराच्या कॅप्सूल द्या म्हणून.

"रक्त तपासल्याबिगर ह्या कॅप्सूल देता येत नाई," मी म्हणाले. "पांढऱ्या पेशी कमी झाल्या तं जबाबदार कोण? पेशंट आणा."

"गार्ड नाई भेटत बाई. मी काय करू?"

"ते मले काऊन सांगता? तुमच्या साहेबाले सांगा."

तो बिचारा टोपी घालून गेला. औषधाच्या बाबतीत मी म्हणत होते ते खरंच होतं. पण आमचा रक्त तपासणारा माणूस जीपमध्ये बसून, नाले ओलांडून, जंगलातल्या टोल्यांवर, दहा-वीस घरांच्या वस्त्यांवर जातो. रस्ता संपला की पायी जातो आणि बर्फाच्या डब्यातून रक्ताच्या नळ्या घेऊन येतो. तुरुंग आमच्या दवाखान्यापासून माझ्या स्कूटीनं सहा मिनिटांवर आहे. त्याच्या भिंतीला लागून भाजीबाजार भरतो, मी दर दोन दिवसांनी तिथून वांगी आणते. एक सुई आणि दोन नळ्या घेऊन त्या भिंतीच्या आत जावं, हे मला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही. तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी घरी जाण्याआधी मी त्याची फाईल खालच्या कप्प्यात टाकली.

त्यानंतर त्याची माय आली. तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे त्याच्या भेटीला, जाऊन आली होती. काचेच्या पलीकडून तो तिच्याशी बोलला, पण उभा राहू शकत नव्हता.

"उजवा पाय टेकवत नाई बाई. खुब्यात दुखते म्हन्ते. तिथले लोक म्हन्तात, नाटक करून राह्यला, इथून सुटाचं हाय त्याले."

"तुम्ही तिथच्या डॉक्टरले सांगा."

"सांगतलं. डॉक्टर म्हन्ते, मी तं चिठ्ठी देल्ली."

"मंग मी काय करू बाई? आला पायजे ना तो इथी."

मी असं म्हणाले. त्या बाईला, जिनं सात वर्षांचं पोर खांद्यावरून आणलं होतं, तिला मी म्हणाले की तो इथं आला पाहिजे. ती थोडा वेळ बाकावर बसली आणि एसटी चुकेल म्हणून उठून गेली. आज ते आठवलं की माझीच मला किळस येते.

पुढं एक दिवस आमचे बाबू टाईप केलेला कागद घेऊन आले. कोर्टानं अहवाल मागवला होता. त्या माणसाच्या वतीनं उपचारासाठी अर्ज झालेला होता आणि दवाखान्याचं म्हणणं हवं होतं. बाबूंनी माझ्याच रजिस्टरवरून मजकूर तयार केला होता. रांगेत तीस-चाळीस लोक होते, एका लेकराला सुई लावलेली होती, ते रडत होतं. मी एका हातानं लेकराचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं सही केली. वाचलं का? वरवर पाहिलं. बाबूंची मराठी म्हणजे 'सबब' आणि 'सदर' यांचं जंगल, त्यात कोण शिरणार.

आठ-दहा दिवसांनी एक वकीलबाई आली. वय तिशीच्या आत, खांद्याला कापडी पिशवी, उन्हातून चालत आल्यानं चेहरा लाल. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारतर्फे फुकट वकील मिळतो, ती त्याची वकील होती. मी तिला पाणी दिलं. ती न पिता म्हणाली, "ही सही तुमची आहे का?"

"हाव, माझीच," मी जराशी ऐटीतच म्हणाले. माझी सही चांगली येते.

"एकदा मोठ्यानं वाचता का?"

मी वाचायला लागले. सदर बंदी रुग्णास तीन वेळा तारीख देऊनही तो गैरहजर राहिला. सबब, रुग्ण उपचारास सहकार्य करीत नसल्याने त्याची फाईल बंद करण्यात आली आहे. शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली.

"हे कोर्टात वाचून दाखवलं," ती म्हणाली. "समोरचे वकील म्हणाले, माणसालाच औषध नको आहे, दुखण्याचं सोंग आहे. अर्ज पुढच्या तारखेवर गेला. तो आत लंगडतोय."

"पण तो आला नव्हता हे तं खरं आहे ना?" मी म्हणाले. अजूनही माझी अक्कल तिथंच अडकलेली.

"बाई, कुलूप बाहेरून लावलेलं असतं. त्याची चावी त्याच्याजवळ असते काय?"

ती रागावलेली नव्हती, दमलेली होती, म्हणून ते जास्त लागलं. मग तिनं मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. माणूस आत गेला की त्याची मोकळीक जाते, पण जगायचा हक्क जात नाही, संविधानाच्या एकविसाव्या कलमातून त्याला कुणी वगळलेलं नाही. बाहेर असता तर तो आपल्या पायानं एसटीत बसून आला असता. ते पाय सरकारनं बांधून ठेवलेत, तर त्याला दवाखान्यापर्यंत नेणं किंवा दवाखाना त्याच्यापर्यंत नेणं हे सरकारच्या अंगावर आहे. गार्ड नाही, गाडी नाही, हे कारण त्याच्या आजाराला सांगून भागत नाही. "आणि सरकार म्हणजे कोण?" ती म्हणाली. "तुरुंगवाले आहेत, पोलीस आहेत, तुम्ही पण आहात."

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली आहे. ती मीच फ्रेम करून आणली. आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली जाड संविधान ठेवलेलं असतं, माझ्या वडिलांनी त्याला पुठ्ठा घातलेला. दर वर्षी संविधान दिनाला दवाखान्याच्या सभागृहात उद्देशिका मी म्हणते आणि बाकीचे माझ्यामागून म्हणतात, कारण माझा आवाज खणखणीत आहे. एवढं सगळं माझ्याजवळ असताना मी एका कुलपातल्या माणसाला गैरहजर लिहिलं होतं. तेही एकदा नाही, तीनदा, टपोऱ्या अक्षरात. वकीलबाईनं तिच्यासाठी आणलेलं पाणी मलाच पाजलं.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं, त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. दुसरा कागद लिहिला. तिन्ही तारखांना तुरुंगातून फोन आले होते, रुग्णाला आणण्याची व्यवस्था झाली नव्हती, रुग्णानं उपचार नाकारल्याची कोणतीही नोंद नाही, त्याच्यासाठी मागितलेलं औषध मी दिलं नाही, फाईल बंद करण्याचा नियम माझा आहे, आणि त्याला उशीर झाला तर हाड जाईल. बाबू टाईप करता करता दोनदा थांबले. दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "कायले आपल्या पायावर धोंडा पाडून घेता बाई? आधीचा कागद गेला ना, राहू द्या."

"साहेब, त्याच्या पायावर पडलेला हाय तो," मी म्हणाले. त्यांनी सही केली, हे मात्र सांगायला हवं.

कोर्टानं हुकूम दिला आणि त्याला आणलं. मंगळवार नव्हता, गुरुवार होता. व्हरांड्यातून चाकाच्या खुर्चीचा आवाज आला आणि मी बाहेर गेले. मी त्याला ओळखलं नाही. डोळे पिवळे, गालांची हाडं वर आलेली, उजवा पाय आत वळलेला. एका मनगटाला बेडी आणि बेडीचं दुसरं टोक खुर्चीच्या दांडीला. मागे दोन पोलीस. मला वाटलं होतं लंगडत येईल, मी तेवढ्याचीच तयारी केली होती.

"बेडी काढा," मी म्हणाले.

"बाई, तसं नाई काढता येत. पळाला तं आमची नोकरी जाईन."

"पळाला तं?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "उभं तं राहू द्या आधी त्याले! बेडीचा कोर्टाचा हुकूम हाय का तुमच्यापाशी? असन तं दाखवा."

वकीलबाईनं मला तेवढं शिकवून ठेवलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बेडी काढली. खरं म्हणजे तेही पोरंच होती, जंगलातल्या ड्यूटीवरून आलेली, कुणीतरी पाठवलं म्हणून आलेली.

रक्त काढलं, खुब्याचा एक्स-रे फोटो काढला. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला. खुब्यात हाडाचा गोल गोळा असतो, त्याच्यावर पाय फिरतो. त्याचा गोळा वरून दबून चपटा झाला होता. रक्त न पोचल्यानं हाड मेलं होतं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की त्या पहिल्या तारखेला आला असता तर बहुतेक वाचवता आलं असतं. आता मोठं ऑपरेशन, तेही नागपूरला, आणि त्यानंतरही चिखलात वाकून रोवणी करायचं विसरा. मी पहिली तारीख आठवत राहिले. त्या दिवशी मी एक वाजेपर्यंत वाट पाहिली होती आणि मग डबा खाल्ला होता.

खोलीत परत आले तेव्हा तो टेबलासमोर होता. पोलीस दारात. मी खाली बसून, खालच्या कप्प्यातून त्याची फाईल ओढून काढली. धूळ बसली होती, ती पदरानं पुसली. तो माझ्याकडे पाहत होता. वीस वर्षं ज्या चेहऱ्यानं पाहायचा त्याच चेहऱ्यानं.

"रागावू नका बाई," तो म्हणाला. "तीन खाडे झाले माहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दर मंगळवारी मी पहाटंच आंघोळ करून, कपडे घालून, दरवाज्यापाशी जाऊन बसत होतो जी. म्हनलं आज गार्ड येतीन. बारा वाजेलोक बसून राहो. मंग ते म्हनत, जा आत. तुम्ही इथी वाट पाहून राह्यल्या असान, हे माहीत होतं मले."

मी फाईल छातीशी धरून उभी होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी लोकांना डोळ्यांसमोर मरताना पाहिलं आहे, पण असा घाव माझ्यावर बसला नव्हता. तो माझी माफी मागत होता.

"खाली गेल्ती का फाईल?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायचं मनात आलं. धूळ त्याला दिसलीच होती.

"हाव. मीच टाकली. चूक झाली रे माही. तुही काहीच चूक नाई. तुले आणाचं काम आमचं होतं."

त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. "तीन खाडे झाले तं जातेच ना जी," तो म्हणाला. "तुमचा नेम हाय तो." मग थोडं पुढं वाकला, खुब्यात कळ आली तसं तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, "पुढची तारीख लिहून द्या बाई. आता नाई होऊ देत खाडा. मी येतो."

मी तारीख लिहून कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि खिसा शोधला. तुरुंगाच्या सदऱ्याला खिसा नव्हता. मग मागचा पोलीस पुढं आला आणि त्यानं तो कागद घेऊन आपल्या खिशात ठेवला.